फिफाचा पैसा कागदावर कसा शोधायचा

६ लाख १६ हजार डॉलर. १६ लाख डॉलर. ७७ लाख ८४ हजार डॉलर. पहिली रक्कम निघाली २ जानेवारी २००८ रोजी, दुसरी ३१ जानेवारीला, तिसरी ७ मार्चला. बेरीज करून बघा, बरोबर एक कोटी डॉलर भरतात. फिफाच्या स्वित्झर्लंडमधल्या खात्यातून हे पैसे न्यूयॉर्कच्या बँक ऑफ अमेरिकामार्गे त्रिनिदादच्या रिपब्लिक बँकेत गेले. खाती कॅरिबियन फुटबॉल युनियन आणि कॉनकॅकॅफ, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनची महासंघटना, यांच्या नावावर होती. अमेरिकी आरोपपत्र म्हणतं की प्रत्यक्षात ती कॉनकॅकॅफचे तेव्हाचे अध्यक्ष आणि फिफाचे उपाध्यक्ष जॅक वॉर्नर यांच्या ताब्यात होती, आणि हे पैसे २०१० चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेला देणाऱ्या मताची लाच होते.

आता दुसरा कागद घ्या. दक्षिण आफ्रिकेच्या फुटबॉल संघटनेने फिफाला लिहिलेलं पत्र २०१५ मध्ये बाहेर आलं. आमच्या विश्वचषकाच्या बजेटमधले एक कोटी डॉलर कॅरिबियनमधल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या फुटबॉलसाठी वळते करा आणि त्याची जबाबदारी वॉर्नर यांच्याकडे द्या, असं त्यात म्हटलं आहे. पत्राची तारीख ४ मार्च २००८. म्हणजे हे पत्र लिहिलं जाण्याआधीच दोन हप्ते पोचले होते! डिसेंबर २००७ मधला पत्रव्यवहारही पुढे उघड झाला आणि ही लाच नव्हतीच असं दक्षिण आफ्रिकेने ठामपणे सांगितलं. त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊन मोकळं होता येत नाही. पण दोन्ही तारखा शेजारी मांडल्याशिवाय विचारायचा प्रश्नच हाती लागत नाही.

फुटबॉलच्या कारभारातली लाच रोख पाकिटात क्वचित सापडते. ती असते अनुदानात, हक्कविक्रीच्या करारात, बिलात, सल्लागार फीमध्ये. हे सगळे कागद रीतसर, सही-शिक्क्याचे असतात. ते कसे जमवायचे आणि कसे वाचायचे, हे पुढे आहे. क्रीडा पत्रकार, अभ्यासक, किंवा बातमीच्या पलीकडे जाऊन प्रकरण समजून घ्यायचं असलेला कोणीही हे करू शकतो. लागतं काय, तर एक स्प्रेडशीट, इंटरनेट आणि चार-पाच निवांत संध्याकाळी.

आधी तक्ता आखा

कागद वाचायला बसण्याआधी सात रकाने करा: तारीख, रक्कम, चलन, देणारं खातं, घेणारं खातं, कागदावर लिहिलेलं कारण, आणि सातवा ‘स्थिती’. चलनाचा रकाना वेगळाच ठेवा. फिफा झुरिकमध्ये आहे, त्यामुळे पगार, बोनस आणि स्विस खटल्यांतल्या रकमा फ्रँकमध्ये येतात, तर हक्कविक्री आणि अनुदानं डॉलरमध्ये. बातम्यांत दोन्ही सर्रास एकमेकांत मिसळलेले असतात. मूळ चलनातला आकडा लिहा, रूपांतर करायचंच असेल तर त्या वर्षीच्या दराने आणि वेगळ्या जागी.

याच शीटवर दुसऱ्या रंगात मतदानाच्या आणि निवडणुकीच्या तारखा टाका. २०१० च्या विश्वचषकाचा यजमान १५ मे २००४ रोजी ठरला: दक्षिण आफ्रिका १४, मोरोक्को १०. वरचे हप्ते गेले २००८ मध्ये. मधे जवळपास चार वर्षं आहेत. नवखा माणूस मतदानाच्या आधीचे तीन महिने चाळतो, काही सापडत नाही आणि सोडून देतो. वायदा आधी होतो, पैसे सवडीने येतात, म्हणून मतदानानंतरची किमान पाच वर्षं तपासायची.

रकमांकडेही नीट बघा. हप्ते तुटक आणि एकूण रक्कम गोल, असं दिसलं की थांबा. खऱ्या कामाची बिलं जोडत गेलं तर बेरीज सहसा एक कोटीवर येऊन थांबत नाही. आधी आकडा ठरला आणि मग तो तुकड्यांत पाठवला गेला, एवढं त्यातून कळतं. का ठरला, हे मात्र बेरीज सांगत नाही.

मत कोणाच्या हातात होतं?

२ डिसेंबर २०१० रोजी झुरिकमध्ये २०१८ आणि २०२२ असे दोन विश्वचषक एकाच दिवशी वाटले गेले. मत देणारे होते २२ जण. कार्यकारी समिती खरं तर २४ जणांची, पण दोघांना ऑक्टोबरमध्ये एका वृत्तपत्राच्या छुप्या तपासानंतर निलंबित केलेलं होतं. २०२२ साठीच्या शेवटच्या फेरीत कतार १४, अमेरिका ८. मतदार इतके थोडे असले की चार मतं फिरली तरी निकाल फिरतो, आणि प्रत्येक मतदार नावानिशी माहीत असतो.

पुढे यजमान निवडायचा अधिकार २११ सदस्य संघटनांच्या महासभेकडे गेला. १३ जून २०१८ रोजी मॉस्कोत २०२६ चा निर्णय १३४ विरुद्ध ६५ असा झाला. आता व्यक्तींच्या खात्यांइतकंच संघटनांना मिळणाऱ्या पैशाकडे बघावं लागतं. फिफाच्या फॉरवर्ड योजनेत २०२३ ते २०२६ या काळात प्रत्येक संघटनेला ८० लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात, त्यातले ५० लाख कारभारासाठी आणि ३० लाख प्रकल्पांसाठी. हा पैसा कायदेशीर आहे, जाहीर आहे, आणि अनेक गरीब संघटनांची मैदानं त्यावरच उभी आहेत. त्याला लाच म्हणणं चूक. पण ज्या अध्यक्षाच्या कारकिर्दीत अनुदान वाढतं, त्याच्याविरुद्ध मत द्यायला छोट्या संघटनेचा हात धजत नाही. म्हणून तक्त्यात हा पैसा ‘अनुदान’ म्हणूनच नोंदवा, पण नोंदवाच.

मतदानच झालं नाही तर मुदतीच्या तारखा बघायच्या. २०३४ च्या यजमानपदासाठीची प्रक्रिया फिफाने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी जाहीर केली आणि इरादा कळवायची शेवटची तारीख ठेवली ३१ ऑक्टोबर. सत्तावीस दिवस! २०३० ची स्पर्धा युरोप, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत वाटली गेल्यामुळे पात्र होते फक्त आशिया आणि ओशनिया. ऑस्ट्रेलियाने शेवटच्या दिवशी माघार घेतली, सौदी अरेबिया एकटा उरला आणि ११ डिसेंबर २०२४ रोजी टाळ्यांच्या गजरात निवड झाली. इथे लाचेचा पुरावा नाही, आणि तसं लिहूही नये. पण चुरस कुठे आणि कोणत्या नियमाने संपली, हे तारखांवरून स्पष्ट दिसतं.

कागद कुठे मिळतात

सुरुवात अमेरिकेपासून करा, कारण तिथले न्यायालयीन कागद सर्वात तपशीलवार आहेत. खटला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ईस्टर्न डिस्ट्रिक्ट न्यायालयातला, क्रमांक १५-सीआर-२५२. २७ मे २०१५ रोजी पहाटे झुरिकच्या बॉर ओ लाक हॉटेलात सात पदाधिकाऱ्यांना अटक झाली, त्याच दिवशी ४७ कलमांचं आणि १४ आरोपींचं आरोपपत्र खुलं झालं. डिसेंबरमध्ये ९२ कलमांचं सुधारित आरोपपत्र आलं आणि आणखी १६ पदाधिकारी त्यात ओढले गेले. दोन्ही लागतात. पेसर या सरकारी पोर्टलवर पानामागे १० सेंट पडतात, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर माफ होतं. त्याआधी कोर्टलिसनरवर शोधा, बरेच कागद तिथे फुकट आहेत.

फिफाच्या कायदेविषयक पोर्टलवर नीतिमत्ता समितीचे निर्णय आणि परिपत्रकं मिळतात. वार्षिक अहवालात हिशेब आणि पदाधिकाऱ्यांचं मानधन असतं. लोझानच्या क्रीडा लवादाचे, म्हणजे कॅसचे, बरेच निवाडे त्यांच्या संकेतस्थळावर पूर्ण वाचता येतात. स्विस कंपन्यांची नोंदणी झेफिक्सवर फुकट बघता येते. करमुक्त बेटांवरच्या कंपन्यांसाठी शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघाची ऑफशोअर लीक्स माहितीपेटी आहे. तिथे नाव सापडलं म्हणजे गुन्हा सापडला असं नाही, तो फक्त पुढच्या शोधाचा पत्ता.

अमेरिकी आरोपपत्रात अनेकांची नावं नसतात, ‘सह-कटकर्ता क्रमांक १’ असं असतं. त्याचं पद, देश आणि कार्यकाळ दिलेला असतो, त्यावरून ओळख पटवता येते. पण ओळख पटली असं तुम्हाला वाटणं आणि ती न्यायालयात सिद्ध होणं, यात फरक आहे. सह-कटकर्ता क्रमांक १ म्हणजे कॉनकॅकॅफचे माजी सरचिटणीस चक ब्लेझर, हे त्यांच्या नोव्हेंबर २०१३ मधल्या कबुलीजबाबामुळे पक्कं झालं. स्विस कागदांतही अक्षरं असतात. आयएसएल या विपणन कंपनीच्या लाच प्रकरणातल्या आदेशातला ‘पी-१’ म्हणजे आपणच, हे फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी २०१२ मध्ये स्वतः मान्य केलं. असा दुजोरा मिळेपर्यंत नाव लिहायचं नाही.

हक्कविक्री: पैसा सर्वात जास्त इथे मुरतो

प्रक्षेपणाचे आणि जाहिरातीचे हक्क महासंघटना विकते एका मध्यस्थ कंपनीला, ती विकते वाहिनीला. लाच या दोन किमतींमधल्या फरकातून निघते. खरं तर मध्यस्थाची गरज होती का, इथूनच तपास सुरू होतो.

कोपा अमेरिकाचं उदाहरण अगदी जवळून बघण्यासारखं आहे. २०१३ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या तीन विपणन कंपन्यांनी मिळून डॅटिसा नावाची कंपनी काढली आणि दक्षिण अमेरिकी महासंघटनेशी, कॉनमेबॉलशी, ३१ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. आरोपपत्रानुसार त्यासाठी ११ कोटी डॉलरची लाच ठरली. करार सहीसाठी २ कोटी, २०१५, २०१९ आणि २०२३ च्या स्पर्धांसाठी प्रत्येकी २ कोटी, आणि २०१६ च्या शताब्दी स्पर्धेसाठी ३ कोटी. बेरीज जुळते. प्रत्येक २ कोटींची वाटणीही ठरलेली: महासंघटनेचे अध्यक्ष, ब्राझीलचे अध्यक्ष आणि अर्जेंटिनाचे अध्यक्ष यांना ३०-३० लाख, इतर सात अध्यक्षांना १५-१५ लाख, आणि अकराव्या पदाधिकाऱ्याला ५ लाख. नव्वद लाख अधिक एक कोटी पाच लाख अधिक पाच लाख, बरोबर दोन कोटी. किमान ४ कोटी प्रत्यक्ष दिले गेले, असा आरोप आहे. दहा देशांतल्या मुलांच्या अकादम्यांसाठी, रेफ्रींसाठी, महिला फुटबॉलसाठी जाऊ शकला असता असा हा पैसा. ते वाचताना राग येतो, यायलाच हवा. तरी तक्ता भरताना हात स्थिर ठेवा.

हे पडताळायचं कसं? एकाच हक्काची प्रत्येक टप्प्यावरची किंमत लिहा. २००५ मध्ये फिफाने कॅरिबियनचे प्रक्षेपण हक्क वॉर्नर यांच्या कॅरिबियन युनियनला दिले, २०१० साठी अडीच लाख डॉलर आणि २०१४ साठी साडेतीन लाख डॉलर, दोन्ही मिळून सहा लाख. तेच हक्क वॉर्नर यांच्या कंपनीमार्फत पुढे एका क्रीडा वाहिनीला गेले ते दीड-दोन कोटी डॉलरच्या घरात, असं स्विस दूरचित्रवाणीने २०१५ मध्ये उघड केलं. अशी तफावत दिसली की तीन गोष्टी विचारायच्या: निविदा निघाली होती का, नफ्यात विकणाऱ्याचा वाटा होता का, आणि असल्यास तो वसूल झाला का. त्या कराराबद्दल फिफाचा खुलासा होता की नफ्याचा अर्धा वाटा त्यांना मिळायचा होता. म्हणजे तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा.

अनुदान गेलं कुठे: जमिनीचा उतारा

विकासनिधीतून इमारत उभी राहिली की फीत कापतानाचे फोटो येतात आणि सगळे खूश होतात. तुम्ही जमिनीचा उतारा मागा. आपल्याकडे घर घेताना सात-बारा कुणाच्या नावावर आहे हे आधी बघतात, तीच सवय इथे कामी येते. त्रिनिदादमधलं सेंटर ऑफ एक्सलन्स फिफाच्या सुमारे २ कोटी ६० लाख डॉलरमधून उभं राहिलं. कॉनकॅकॅफच्या सचोटी समितीच्या एप्रिल २०१३ मधल्या अहवालात आहे की ते ज्या जमिनीवर आहे ती वॉर्नर यांच्या कंपन्यांची. इमारत दिसत होती, खर्चाचे कागद दिसत होते. प्रश्न जमिनीच्या मालकीचा होता.

त्याच अहवालातली ब्लेझर यांची गोष्ट करार वाचायला शिकवते. सरचिटणीस म्हणून त्यांची नेमणूक त्यांच्याच कंपनीशी झालेल्या कराराने झाली होती आणि त्यात दहा टक्के कमिशन होतं. तो करार १९९८ मध्ये संपला. पैसे मात्र २०११ पर्यंत जात राहिले, कमिशन, फी आणि भाडं मिळून दीड कोटी डॉलरहून जास्त. म्हणून कोणताही करार हाती आला की आधी शेवटचं पान उघडा आणि मुदत बघा. मग त्या तारखेनंतरची देणी शोधा.

पगार-बोनसचे करारही याच पद्धतीने वाचायचे. फिफाच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या करारांना ३० एप्रिल २०११ रोजी साडेआठ वर्षांची मुदतवाढ मिळाली. अध्यक्षपदाची निवडणूक होती १ जून २०११ ला. त्यांतल्या एकाचा करार पुन्हा वाढला ३१ मे २०१५ रोजी, झुरिकच्या अटकसत्रानंतर चार दिवसांनी.

पैसा न्यूयॉर्कवरून का जातो

झुरिकहून त्रिनिदादला पाठवलेल्या पैशासाठी ब्रुकलिनचा सरकारी वकील कसा काय उभा राहतो, असा प्रश्न पडतो. डॉलरमधलं आंतरराष्ट्रीय देणं बहुतेक वेळा अमेरिकी बँकेतल्या प्रतिनिधी खात्यातून फिरतं. पैसे तिथे काही क्षण टेकले तरी अमेरिकी कायदा लागू करायला जागा मिळते. म्हणून आरोपपत्रात सामन्यांपेक्षा बँकांची नावं जास्त आहेत. तुमच्या तक्त्यात मधल्या बँकेसाठी आठवा रकाना करायला हरकत नाही.

देशातलं सरकार हात घालायला बिचकतं, त्यामागे फिफाच्या घटनेतली तरतूद आहे: सदस्य संघटनेच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप चालत नाही. आपण हे अनुभवलं आहे. न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीमुळे १५ ऑगस्ट २०२२ रोजी फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं, आणि मडगाव, नवी मुंबई आणि भुवनेश्वरला होणारी मुलींची १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धाच टांगणीला लागली. समिती हटल्यावर २६ ऑगस्टला निलंबन उठलं. तिथे मुद्दा लाचेचा नव्हता, लांबलेल्या निवडणुकांचा होता. पण चौकशीची भाषा काढताच सरकारं का सावध होतात, हे त्यातून कळतं.

भारतातल्या संघटनेबद्दल माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. वर्षाला दहा लाख किंवा जास्त सरकारी मदत घेणाऱ्या राष्ट्रीय क्रीडा महासंघांना केंद्राने २०१० मध्ये सार्वजनिक प्राधिकरण ठरवलं. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘सर्व हिशेब द्या’ असं लिहू नका, त्याला नकार देणं सोपं असतं. ठरावीक आर्थिक वर्ष, ठरावीक अनुदान आणि त्याचं विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामी खर्च झाल्याचा दाखला), एवढंच मागा.

घोटाळा होतो तो इथे

सारांशावर विसंबणं ही सर्वात महागात पडणारी चूक. फिफाच्या नीतिमत्ता समितीचे तपासप्रमुख मायकेल गार्सिया यांनी २०१८-२०२२ च्या यजमान निवडीचा तपास अहवाल सप्टेंबर २०१४ मध्ये दिला, सुमारे ४३० पानांचा. नोव्हेंबरमध्ये फिफाच्या निर्णय विभागाने ४२ पानांचा सारांश काढला. तो अपुरा आणि चुकीचा आहे, असं खुद्द गार्सिया यांनी त्याच दिवशी सांगितलं आणि डिसेंबरमध्ये राजीनामा दिला. मूळ अहवाल प्रसिद्ध झाला जून २०१७ मध्ये, तोही एका जर्मन दैनिकाच्या हाती लागल्यावर. त्याच्या महिनाभर आधी मनामाच्या अधिवेशनात नीतिमत्ता समितीच्या दोन्ही विभागांच्या प्रमुखांना आणि सुशासन समितीच्या अध्यक्षांना पुन्हा नेमलं गेलं नव्हतं. चौकशी करणाऱ्यांच्या नेमणुका कधी संपल्या, हेही शीटमध्ये हवं.

दुसरी चूक ‘गुन्हा नव्हता’ आणि ‘पैसे घेतले नव्हते’ यांची गल्लत. वर आलेली आयएसएल कंपनी २००१ मध्ये बुडाली. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या स्विस आदेशातून कळलं की ब्राझील संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष रिकार्डो तेशेरा यांना १९९२ ते १९९७ दरम्यान सुमारे १ कोटी २७ लाख फ्रँक आणि फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष जोआव हॅवेलांज यांना १९९७ मध्ये किमान १५ लाख फ्रँक मिळाले. त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये खासगी क्षेत्रातली अशी लाच गुन्हाच नव्हती. पैसे पोचले हे कागदावर आहे, त्यासाठी लाचखोरीची शिक्षा नाही, आणि दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

म्हणूनच सातवा रकाना. त्यात फक्त ठरलेले शब्द टाका: आरोप, कबुली, दोषी, निर्दोष, बंदी, बंदी रद्द. नीतिमत्ता समिती, लवाद आणि फौजदारी न्यायालय यांची पुराव्याची पट्टी वेगवेगळी असते, त्यामुळे एकाच माणसापुढे तीन शब्द येऊ शकतात. आशियाई महासंघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मोहम्मद बिन हम्माम यांच्यावर त्रिनिदादमधल्या ४० हजार डॉलरच्या पाकिटांवरून जुलै २०११ मध्ये आजीवन बंदी आली. जुलै २०१२ मध्ये कॅसने पुरावा अपुरा म्हणून ती रद्द केली. डिसेंबर २०१२ मध्ये आशियाई महासंघटनेतल्या वेगळ्या प्रकरणावरून पुन्हा बंदी. तीन ओळी, तीन तारखा, एकही गाळायची नाही. वॉर्नर यांच्यापुढे ‘फिफाची आजीवन बंदी, २०१५’ आणि ‘अमेरिकेत आरोप, नाकारले’ असं लिहा, ‘दोषी’ नव्हे. मार्च २०२३ मध्ये ब्रुकलिनच्या ज्यूरीने डॅटिसाच्या तीन भागीदारांपैकी फुल प्ले कंपनीला दोषी ठरवलं, सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनीच तो निकाल बाजूला ठेवला, आणि प्रकरण पुढेही वर-खाली होत राहिलं.

युरोपच्या महासंघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मिशेल प्लातिनी यांची ओळ भरून तक्ता तपासा. फेब्रुवारी २०११, २० लाख फ्रँक, देणारी फिफा, कारण १९९८ ते २००२ मधल्या सल्लागारीची थकबाकी. लेखी करार १९९९ चा, वर्षाला ३ लाख फ्रँकचा, बाकीची रक्कम तोंडी ठरली होती असा प्लातिनी आणि ब्लाटर दोघांचा दावा. निवडणूक चार महिन्यांवर. इथवर वाचणारा निकाल लावूनच टाकतो. आता सातवा रकाना भरा: डिसेंबर २०१५, ब्लाटर आणि प्लातिनी दोघांवर आठ वर्षांची बंदी. मे २०१६, कॅसने प्लातिनींची चार वर्षांवर आणली. ८ जुलै २०२२, बेलिंझोनाच्या न्यायालयात दोघेही निर्दोष. २५ मार्च २०२५, अपिलातही निर्दोष. ही शेवटची नोंद नसेल तर तुमचा तक्ता अजून छापायजोगा झालेला नाही.